मौन म्हणजे मंदबुद्धी नव्हे

(घुग्घुस येथील प्राथमिक शिक्षकांच्या मेळाव्यासाठी तयार केलेल्या भाषणाचा पाठ)



पहिलीच्या वर्गातील एक मुलगी डोळ्यांपुढे आणावी. शाळा सुरू होऊन तीन महिने झाले आहेत. ती वेळेवर येते, पाटीदप्तर नीट ठेवते आणि भिंतीकडेच्या आपल्या ठरलेल्या जागी जाऊन बसते. गुरुजींनी चित्र दाखवून ‘हे काय आहे?’ असे विचारले की ती मान खाली घालते. शेजारची मुले हसतात. पुन्हा विचारले तर तिचे डोळे भरून येतात. काही दिवसांनी गुरुजी तिला विचारण्याचे सोडून देतात आणि नोंदवहीत तिच्या नावापुढे एकच शब्द लिहितात : मंद.

मधल्या सुटीत तीच मुलगी झाडाखाली धाकट्या भावाला घेऊन बसलेली असते. चिंचोक्यांचा ढीग करून ती त्याचे सारखे वाटे करते, एखादा चिंचोका जास्त गेला तर तो परत घेते आणि भाऊ रडू लागला की त्याला काहीतरी गोष्ट सांगून हसवते. मोजणे, वाटणे, समजूत घालणे, गोष्ट रचणे हे सारे चाललेले असते. मात्र ते गोंडीत चाललेले असते. गुरुजींच्या कानांवर तो आवाज पडतो, पण त्याचा अर्थ त्यांच्यापर्यंत पोचत नाही.

ही मुलगी उदाहरणादाखल घेतली आहे. पण तिला ओळखणार नाही असा शिक्षक या परिसरात विरळा. कोठे ती कोलामी बोलत असेल, कोठे तेलुगू, कोठे छत्तीसगढी. तिच्या नावापुढे लिहिलेला तो एक शब्द तिच्या आयुष्यात पुढे काय करतो, याचा विचार व्हावयास हवा. पुढच्या वर्गाचे शिक्षक तो शब्द वाचूनच तिच्याकडे पाहू लागतात. घरी बापाच्या कानांवर तो जातो. ‘हिला शाळा जमत नाही’ असे घरात ठरते आणि मग धाकटी भावंडे सांभाळावयास हिच्याशिवाय दुसरे कोण, असा प्रश्न निघतो. शाळेतून मूल गळते ते पुष्कळदा असे, कोणीही त्याला हाकलून न देता.

घुग्घुस हे या प्रश्नाचा विचार करावयास योग्य ठिकाण आहे. वर्धा नदीच्या पलीकडे वणी तालुका लागतो. तिकडची बोली वऱ्हाडी. पूर्वेकडे झाडीपट्टीची बोली. जमिनीखाली कोळसा निघाला आणि त्याबरोबर दूरदूरची माणसे येथे आली. येथील खाणी पूर्वी खाजगी कंपन्यांकडे होत्या. १९७३ साली देशातील कोळसा खाणींचे राष्ट्रीयीकरण झाले आणि १९७५ पासून वेस्टर्न कोलफील्ड्स या सरकारी कंपनीकडे त्यांचा कारभार आला. सिमेंट आणि लोखंड यांचे कारखानेही उभे राहिले. तेलुगू मुलखातून, छत्तीसगढातून, उत्तर प्रदेश आणि बिहारकडून मजूर आले व येथलेच झाले. गोंड आणि कोलाम तर या भूमीचे जुनेच रहिवासी. अशा गावातील शाळेत एका वर्गात चार-पाच घरभाषा असणे यात नवल नाही.

शेजारच्या राजुरा तालुक्याकडे पाहिले म्हणजे भाषा आणि सीमा यांचे नाते किती सैल असते ते ध्यानी येते. हा तालुका हैदराबाद संस्थानातील आदिलाबाद जिल्ह्यात होता. १९५६ साली राज्यपुनर्रचनेत तो नांदेड जिल्ह्यास जोडला गेला आणि १९५९ साली चांदा जिल्ह्यात आला. माणसे जागच्या जागी राहिली, घरे-शेते तीच राहिली, सरहद्द तेवढी हलली. तेव्हा ‘आपला’ कोण आणि ‘बाहेरचा’ कोण, हे ठामपणे सांगणाऱ्याने जरा थांबून विचार करणे बरे.

पूर्वग्रह वर्गात कसा शिरतो, हे आता पाहू. प्रथम तो नावाच्या रूपाने येतो. मुलाला स्वतःचे नाव असताना त्याचा उल्लेख ‘तो तेलंगी’, ‘तो परदेशी’, ‘तो जंगली’ असा होऊ लागतो. नावापाठोपाठ अपेक्षा येते. ‘या लोकांना शिक्षणाची गोडीच नसते’ हे वाक्य एकदा मनात रुजले की शिक्षक त्या मुलाला कमी प्रश्न विचारतो, उत्तरासाठी कमी वेळ थांबतो, चुकले तर लगेच दुसऱ्याकडे वळतो. शेवटी पुरावा तयार होतो. ज्याला कोणी विचारले नाही, ते मूल सांगणार काय? ते मागे पडते. आणि शिक्षक म्हणतो, ‘पाहा, आधीच सांगितले होते.’ पूर्वग्रह हा असा स्वतःच आपली साक्ष उभी करतो.

ज्या मुलास जंगली म्हटले जाते त्याच्या पूर्वजांची आठवणही येथेच उभी आहे. चंद्रपूरच्या जटपुरा, अंचलेश्वर, पठाणपुरा आणि बिनबा या चार दरवाजांतून माणसांची रोज ये-जा चालते. तो परकोट गोंड राजांनी बांधला. ज्या घराण्यात राणी हिराईसारखी राज्यकर्ती होऊन गेली, त्या समाजाच्या मुलास वर्गात ‘जंगली’ म्हणणे हे इतिहासाचे अज्ञान आहे, आणि शिक्षकाला ते अधिकच न शोभणारे आहे.

या दोषापासून मराठी मूलही सुटत नाही. घरी ‘पानी’ म्हणणारे मूल वर्गात ‘पानी’ म्हणाले, किंवा वऱ्हाडी घरातले मूल डोळ्याला ‘डोया’ म्हणाले, की हशा पिकतो. त्या मुलाला त्या क्षणी इतकेच कळते की आपली आई चुकीचे बोलते. प्रमाण मराठी शिकवणे हे शाळेचे कामच आहे; पण ते आईच्या बोलीवर पाय देऊन करावयाचे नसते. ‘घरी आपण पानी म्हणतो, पुस्तकात पाणी लिहितो’ एवढे साधे वाक्य दोन्ही गोष्टी साधते.

कधी कधी भाषेचे निमित्त पुढे करून जातीचा भेदच वर्गात येतो. शालेय पोषण आहाराच्या पंगतीत एखादे मूल नेहमी टोकाला का बसते, त्याच्या डब्यातले कोणी का घेत नाही, त्याच्या हातचे पाणी कोणाला का नको असते, याकडे शिक्षकाची नजर असली पाहिजे. ‘मुले आपापल्या मनाने बसतात’ हे उत्तर पुरेसे नाही. मुलांचे मन घरून घडून येते. शाळेत ते पुन्हा घडावे म्हणूनच शाळा असते.

संवाद वेळेवर झाला नाही म्हणजे काय होते, याचा एक धडा राजुऱ्याच्या पलीकडे, जुन्या आदिलाबाद जिल्ह्यात घडला. जंगल आणि जमीन यांवरील हक्कांसाठी तेथील गोंडांनी कुमराम भीम यांच्या नेतृत्वाखाली निजामाच्या अंमलाविरुद्ध लढा दिला आणि १९४० साली ते गोळीबारात मारले गेले. रक्त सांडल्यावर सरकारला या लोकांचे म्हणणे समजून घेण्याची गरज वाटली. त्या कामासाठी मूळचे ऑस्ट्रियाचे मानववंशशास्त्रज्ञ क्रिस्टोफ फॉन फ्यूरर-हायमेन्डॉर्फ यांची नेमणूक झाली. ते व त्यांच्या पत्नी बेटी मारलवाई या गोंड गावी राहिले आणि त्यांनी गोंडी आत्मसात केली. १९४३ साली मारलवाईस गोंड तरुणांना शिक्षक म्हणून तयार करणारे केंद्र निघाले. गोंडी वाचनपुस्तके सिद्ध झाली आणि ती देवनागरी लिपीत छापली गेली. मूल प्रथम आपल्या भाषेत अक्षर ओळखी, नंतर दुसऱ्या भाषेकडे वळे. बाहेरून शिक्षक आणून गोंडांना सुधारावयाचे नसून गोंड तरुणानेच गोंड मुलास शिकवावयाचे, ही त्यातली खरी गोष्ट होती. हायमेन्डॉर्फ १९९५ साली निवर्तले. मारलवाईचे नाव मात्र शिक्षणाच्या इतिहासात राहिले.

आपल्या बाजूसही असे प्रयत्न झाले. भामरागड तालुक्यात हेमलकसा येथे १९७३ साली लोकबिरादरी प्रकल्प सुरू झाला, तेव्हा डॉ. प्रकाश आमटे आणि डॉ. मंदाकिनी आमटे यांना प्रथम माडिया भाषा शिकावी लागली. रोग्याला कोठे दुखते हे त्याच्याच शब्दांत कळल्याशिवाय औषध देता येत नाही. शिक्षकाचे तरी याहून निराळे काय आहे? अलीकडे, २०१९ साली, धानोरा तालुक्यातील मोहगावच्या ग्रामसभेने गोंडी माध्यमाची शाळा स्वतः होऊन सुरू केली. आपली भाषा शाळेच्या दारातून आत यावी ही गावकऱ्यांची इच्छा त्यातून दिसते.

कायदाही याच दिशेने बोलतो. प्राथमिक अवस्थेत मातृभाषेतून शिक्षणाची सोय करण्याविषयीचा ३५० अ हा अनुच्छेद १९५६ साली राज्यघटनेत आला. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने शक्य असेल तेथवर मातृभाषा हे माध्यम असावे असे म्हटले आणि त्याच कायद्याच्या १७ व्या कलमाने शारीरिक शिक्षेबरोबर मानसिक छळही निषिद्ध केला. वर्गात मुलाच्या बोलीची टिंगल होऊ देणे हे त्या छळाहून फार दूर नाही. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणानेही घरच्या भाषेवर भर दिला आहे.

येथे एक शंका कोणीही काढील आणि ती रास्त आहे. मारलवाई हे गोंडांचे गाव होते. मोहगावातही एकच भाषा पुढे आली. घुग्घुसच्या वर्गात पाच भाषा आहेत. एका शिक्षकाने पाच माध्यमांतून शिकवावयाचे की काय? तसे कोणी सांगत नाही. मराठी शाळेत मराठी शिकवली गेलीच पाहिजे. ती उत्तम आली तरच त्या मुलीस पुढचे जग मोकळे होणार आहे. परंतु मराठीच्या घरात मुलाला कोणत्या दाराने आणावयाचे, हे शिक्षकाच्या हाती असते. स्वतःची भाषा उंबऱ्याबाहेर टाकून ये, असे सांगता येते. ती हातात धरून ये, असेही सांगता येते. दुसऱ्या वाटेने आलेले मूल लवकर शिकते, कारण त्याला काही लपवावे लागत नाही.

दुसरी शंका अशी की मुले एकत्र बसतात, एकत्र जेवतात, मग पूर्वग्रह आपोआप जाणार नाहीत काय? आठवडी बाजारात सर्व भाषांची माणसे एकत्र येतात, भाजी घेतात, भाव करतात आणि मनातले सारे मनात तसेच ठेवून घरी परततात. नुसता सहवास पुरत नाही. अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ गॉर्डन ऑलपोर्ट यांनी १९५४ साली पूर्वग्रहांवर एक ग्रंथ लिहिला. दोन गटांच्या सहवासातून पूर्वग्रह कमी व्हावयाचे असतील तर त्या प्रसंगापुरती तरी दोघांची पायरी समान असावी, दोघांचे उद्दिष्ट एक असावे, ते एकमेकांच्या मदतीने गाठावयाचे असावे आणि अधिकाऱ्यांचा व रूढीचा त्यास पाठिंबा असावा, असे त्यांचे प्रतिपादन होते. वर्गातला अधिकारी म्हणजे शिक्षक.

त्याच वर्षी तेथील ओक्लाहोमा राज्यात मुझफ्फर शेरीफ यांनी सुट्टीतील शिबिरात २२ मुलांचे दोन गट करून एक प्रयोग केला. मुले अकरा वर्षांच्या आसपासची, सारख्या घरांतली. चढाओढीचे खेळ सुरू होताच दोन्ही गटांत भांडणे लागली, निशाणे जाळली गेली. मग त्यांना एकत्र जेवावयास बसवले. तेव्हा भांडणे आणखीच झाली. शेवटी शिबिराचे पाणी बंद पडले आणि ते सर्वांनी मिळून शोधावे लागले. अडलेली मोटार दोरखंडाने सर्वांनी मिळून ओढावी लागली. अशी सामायिक कामे पडू लागली तसतसे वैर ओसरले. मुलांना मुद्दाम भांडावयास लावणे योग्य नव्हे आणि या प्रयोगावर पुढे टीकाही झाली. परंतु एकत्र बसवण्याने न झालेले काम एकत्र राबवण्याने झाले, ही गोष्ट प्रत्येक शिक्षकाने ध्यानात ठेवण्यासारखी आहे.

यातून वर्गात प्रत्यक्ष करावयाच्या काही गोष्टी निघतात. त्यांस पैसा लागत नाही.

पहिली गोष्ट, वर्षारंभी शिक्षकाने प्रत्येक मुलाची घरभाषा एका वहीत टिपावी. मुलाच्या नावाचा खरा उच्चार त्याच्या आईकडून ऐकून घ्यावा आणि तसाच करावा. नाव चुकीचे उच्चारले गेलेले मूल ‘हजर’ म्हणतानाही संकोचते.

दुसरी गोष्ट, वर्गातील प्रत्येक भाषेतले वीस शब्द शिक्षकाने शिकावे : पाणी, भूक, आई, घर, ये, बस, दुखते, समजले काय. पाण्याला गोंडीत येर, तेलुगूत नीळ्ळु, हिंदीत पानी म्हणतात. हे शब्द फळ्याच्या एका कोपऱ्यात देवनागरीत लिहून ठेवले तर त्या भाषांना शाळेत जागा मिळाली असे मुलांना वाटते. २०११ च्या जनगणनेत गोंडी मातृभाषा सांगणारे लोक देशात जवळजवळ ३० लाख होते आणि कोलामी सांगणारे सव्वा लाखाहून अधिक. इतक्या माणसांचे बोलणे म्हणजे नुसता गलबला नव्हे.

तिसरी गोष्ट, मुलाची समज आणि मुलाची मराठी यांची परीक्षा वेगवेगळी घ्यावी. चिंचोके, काड्या, खडे पुढे ठेवून, कमीत कमी शब्दांत गणिताची जाण पाहता येते. ज्याला मराठी येत नाही त्याला ‘मराठी अजून यावयाची आहे’ असेच लिहावे. मंद हा निराळा शब्द आहे आणि तो सहसा लागूच पडत नाही.

चौथी गोष्ट, मिश्र गट करून त्यांस असे काम द्यावे की प्रत्येकाजवळच्या तुकड्याशिवाय ते पुरे होणार नाही. १९७१ साली टेक्सासमध्ये एलियट ॲरन्सन यांनी धडा तुकड्यांत वाटून देण्याची अशीच पद्धत वर्गात वापरली. प्रत्येकाने आपला तुकडा शिकून इतरांस शिकवावयाचा. येथे गावाचा नकाशा काढता येईल : कोणी हातपंप आणि विहिरी, कोणी झाडे, कोणी खाणीकडचा रस्ता. झाडांची नावे कोलामाच्या मुलाला वर्गात कदाचित सर्वांहून अधिक येत असतील. तो सांगणारा आणि इतर ऐकणारे, असा एक तास वर्षातून दहा वेळा आला तरी पुष्कळ.

पाचवी गोष्ट, एखाद्या मुलास उभे करून ‘तुम्ही लोक काय खाता, तुमच्याकडे काय करतात?’ असे विचारू नये. त्याने ते मूल आपल्या जमातीचा नमुना होऊन बसते. प्रश्न सर्वांना सारखा असावा : तुझ्या घरी काल काय शिजले?

सहावी गोष्ट, पालकांच्या घरी जावे आणि पहिल्या भेटीत तक्रार नेऊ नये. भाषा येत नसेल तर शेजारच्या एखाद्या जाणत्या माणसाला बरोबर घ्यावे. पालकांच्या मनातही शिक्षकाविषयी पूर्वग्रह असतो. ‘गुरुजी मोठे लोक, आपल्याशी कशाला बोलतील’ हा. तो मोडण्यास ओट्यावर बसून घेतलेला एक कप चहा पुरतो. संवाद म्हणजे समोरच्याला आपले म्हणणे पटवणे नव्हे. त्याच्याजवळ आपल्याला शिकण्यासारखे काही आहे, हे मान्य करून बसणे म्हणजे संवाद.

आता पुन्हा त्या मुलीकडे वळू. एके दिवशी गुरुजी तिच्याशेजारी जमिनीवर बसतात आणि तीन चिंचोके पुढे ठेवतात. मराठीत काही न विचारता ते नुसते तिच्याकडे पाहतात. ती बराच वेळ गप्प राहते. मग हळूच म्हणते, ‘मुंद’. गुरुजी तो शब्द उच्चारू पाहतात, चुकतात. या वेळी वर्ग गुरुजींना हसतो, आणि तीही हसते. ती त्यांना दुरुस्त करते. चौथा चिंचोका पुढे येतो. ‘नालुंग,’ ती म्हणते. इतक्यात मागल्या रांगेतला तेलुगू घरातला मुलगा उठून उभा राहतो : ‘गुरुजी, आमच्याकडे नालुगु!’ तिनाला ते मूडु म्हणतात हेही तो सांगून टाकतो. गोंडी आणि तेलुगू एकाच द्राविड कुळातल्या भाषा आहेत, हे भाषापंडितांना फार पूर्वीपासून ठाऊक होते. त्या दोन मुलांना ते त्या क्षणी कळते. मग गुरुजी फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहितात : चार. आता वर्गात चारासाठी तीन शब्द झालेले असतात आणि तिन्ही बरोबर असतात. ती मुलगी पहिल्यांदाच मोठ्याने वाचते : ‘चार.’

हे घडण्यास नवे अनुदान लागत नाही की नवा आदेश लागत नाही. शिक्षकाने आपल्या वर्गात क्षणभर विद्यार्थी व्हावे, एवढेच लागते. येत्या सत्राअखेरीस नोंदवह्या भरावयाच्या आहेत. ज्या ज्या नावापुढे ‘मंद’ किंवा ‘अप्रगत’ असे लिहावयाचे मनात येईल, त्या त्या मुलाशी त्याच्या भाषेतले निदान पाच शब्द बोलून झाल्याशिवाय लेखणी उचलावयाची नाही, असा निश्चय प्रत्येक शिक्षकाने करावा. त्यानंतर जे लिहावेसे वाटेल ते खुशाल लिहावे.